ठेवलेला वाटा

त्या संध्याकाळी माझी बस चुकली नव्हती.

हे वाक्य मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. पापनिवेदनाला बसलो तेव्हा फादरांपाशीही नाही. तिथं मी रागाबद्दल बोललो, आळसाबद्दल बोललो आणि मुख्य गोष्ट गिळून उठलो. ओरोसहून सुटणारी दुपारची बस मला वेळेवर मिळाली होती. खिडकीची जागासुद्धा मिळाली होती. मालवणला उतरून मी पुढची गाडी पकडली, आमच्या वाडीच्या फाट्यावर उतरलो आणि खुरसापासून हाकेच्या अंतरावर, काजूच्या बागेच्या दगडी गडग्याआड उभा राहिलो. तिथून मला सगळे दिसत होते. मी त्यांना दिसत नाही, अशी माझी समजूत होती.

आमची वाडी खाडीच्या तोंडाशी, माडांत दडलेली. त्यात ख्रिस्ती घरं अगदी थोडी. चर्च लांब, फादर महिन्यातून एखाद्या रविवारी यायचे. बाकीची आमची सगळी प्रार्थना वळणावरच्या खुरसाकडे चालायची. खुरीस म्हणजे चुना लावलेला चिऱ्याचा चौथरा आणि त्यावर हातभर उंचीचा क्रूस. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी घरी आले की तिथं लादीन व्हायची. लादीन ही मरियामातेची विनवणी. एकाने तिचं एकेक नाव गायचं आणि बाकी सगळ्यांनी मागून म्हणायचं, 'आमच्याखातीर विनंती कर.' शेजारच्या हिंदू घरातली म्हातारी काकी अबोलीचा वळेसर घेऊन यायची, क्रुसाला घालायची आणि मागे उभी राहून आमच्याबरोबर तेवढी एक ओळ म्हणायची. तिचे शब्द थोडे इकडचे तिकडे व्हायचे, पण ती कधी चुकली असं कुणी म्हटलं नाही. शेवटी खोबऱ्याचे काप घातलेले उकडलेले चणे, आणि मग अंधार पडेपर्यंत गप्पागजाली.

नावं गायचा मान एकाचाच. त्याला आम्ही 'पुढची ओळ' म्हणायचो. ती मागून घ्यायची नाही, ओढूनही घ्यायची नाही. ज्याची आहे त्याने हात धरून द्यायची. माझ्या लहानपणी ती माझ्या पाद्रीनकडे होती. पाद्रीन म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी ज्यांनी मला हातांवर धरलं ते. माझे वडील लवकर गेले, त्यामुळे ते धरलेले हात त्यांनी पुढेही सोडले नाहीत.

पाद्रीन रापणकर. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून दोन्ही टोकांनी ओढायचं मोठं जाळं. एकट्यादुकट्याचं ते काम नव्हे. जाळं वर आलं की वाळूवर मासळीचे वाटे पडायचे आणि जो आजारी पडून घरी राहिलाय त्याचाही वाटा पडायचा. एखादा कुरकुरायचाच. मग पाद्रीन जाळं झटकता झटकता म्हणायचे, "तेचो वाटो ठेवा. तो आज इलो नाय म्हणान रापणीचो नाय काय?"

"आणि उद्या पण इलो नाय तर?"

"तर उद्या पण ठेवा. तुझ्या बापाशीचो ठेवलेलो, तेवा तू जेवलंस."

सगळे हसायचे. कुरकुरणारासुद्धा.

मला ओरोसला सरकारी कचेरीत नोकरी लागली त्या वर्षी पाद्रीनच्या घशाने असहकार पुकारला. मे महिन्यात, खुरसाकडे सगळे जमलेले असताना त्यांनी माझं मनगट धरलं. पहिली ओळ आम्ही दोघांनी मिळून म्हटली. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर त्यांनी हात सोडला. पोराला पोहायला शिकवताना पाण्यात सोडतात ना, तसा. मी गटांगळी न खाता पलीकडे गेलो, आणि ओळ माझी झाली.

त्यांच्या मुलीला सगळी वाडी बाय म्हणते. माझ्याच वयाची. तिचा आवाज माझ्यापेक्षा कितीतरी चांगला होता, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं आणि पाद्रीननाही. त्या दिवशी चणे वाढताना ती म्हणाली, "तुझो आवाज म्हणजे भिजलेलो ढोल. पण पप्पांका वाटला, मी लगीन होवन जातलंय. आता बघ हां, तू ओरोसाक जातलंस आणि मी हयच रवतलंय."

"मी दर आयतारी येतलंय."

"ये मरे. ढोल सुकवून ये."

ती तिथंच राहिली. लग्न झालं नाही. सुक्या मासळीचा धंदा तिने वाढवला, पाद्रीनना सांभाळलं. आणि बरीच वर्षं मी खरोखरच जात राहिलो.

मग माझी बायको वारली. तिच्या आजारपणाबद्दल मी इथं लिहिणार नाही; ते तिचं आहे. लिहायचं आहे ते नंतरच्या दिवसांबद्दल. आमच्या सरकारी क्वार्टरच्या दोन खोल्यांत अख्खी वाडी टेम्पो करून आली. काकी आली. बायने माशाची कढी आणि भाताचं पातेलं आणलं. पाद्रीन जिना चढताना दोनदा टेकले. त्या सगळ्यांनी जमिनीवर दाटीवाटीने बसून रोज संध्याकाळी प्रार्थना म्हटली, माझे कपडे धुतले, मला भरवायचंच तेवढं बाकी ठेवलं. इतकं प्रेम मला त्याआधी कुणी दाखवलं नव्हतं आणि ते मला सहन झालं नाही. मी भिंतीला टेकून बसलेलो. ज्याने ऐकायचं त्याने तर ऐकलं नाही, मग ही माणसं कुणाशी बोलतायत, असं मला वाटत होतं. एकदा तर वाटलं, उठावं आणि सगळ्यांना बाहेर काढावं. उठलो नाही. 'आमेन' म्हणालो.

त्यानंतरच्या मे महिन्यात मी खुरसाकडे गेलो, पुढची ओळ गायलो. आवाज नीट लागला. काकी म्हणाली, "काय गायलंस रे झिला, काळजाक हात घातलंस." आणि मला मात्र माझाच आवाज रिकाम्या डब्यात खडा वाजावा तसा ऐकू येत होता. पुढच्या वर्षी मी गेलो नाही. कामाचं कारण सांगितलं. मग रविवारीही जायचा थांबलो. मला लबाडी करायची नव्हती, असं मी स्वतःला समजावायचो. पण खरं सांगायची हिंमतही नव्हती, आणि मधल्या मधे मी जी केली ती लबाडीच होती.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हती. देवाविना माझं अडलं नाही. नोकरी चालली, जेवण चाललं. अडलं ते त्या माणसांविना. रविवारी दिवस कलायला लागला की मी क्वार्टरच्या ग्रिलपाशी येऊन उभा राहायचो. आता बाय मेणबत्ती लावत असेल. आता काकी वळेसराचा दोरा दाताने तोडत असेल. खालच्या पटांगणात मुलं क्रिकेट खेळत असायची, आणि मी ग्रिलचा गज धरून, रापणीचा दोर धरावा तसा.

पाद्रीन अंथरुणाला खिळले. एका दुपारी कचेरीत त्यांचा फोन आला. आवाज म्हणजे नुसता वारा.

"एकदा येवन जा रे. गाऊचा आसात तर गा. नाय तर बायच्या हातात दी. मधीच लोंबकाळत ठेव नको."

"येतंय, पाद्रीन. ह्याच आयतारी येतंय."

"मी भायर बसतलंय. खुर्ची घालूक सांगतंय."

तोच तो रविवार. म्हणून मी गडग्याआड होतो.

पाद्रीनना खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून आणलं होतं. मे महिन्याच्या उकाड्यात त्यांच्या गुडघ्यांवर चादर. सगळे जमले होते. मेणबत्ती वाऱ्याने विझायची, बाय पुन्हा लावायची. मी पाऊल उचलणार होतो, खरंच उचलणार होतो. पण ओळ द्यायची तर आधी ती म्हणावी लागते, त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणावी लागते. आणि त्या माणसाने मला एकदा बघितलं असतं की त्याला सगळं कळलं असतं. मरायला टेकलेल्या माणसाला मी हे दाखवू? असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. आज वाटतं, मला त्यांची काळजी नव्हती. मला माझी लाज वाटत होती, बस्स.

बायने फोन कानाला लावला. माझ्या शर्टाच्या खिशात फोन थरथरायला लागला. आवाज मी आधीच बंद केला होता. ती समोर दिसतेय, फोन कानाशी धरून फाट्याच्या दिशेने बघतेय, आणि तिची हाक माझ्या छातीवर धडधडतेय. मी खिशावर हात दाबून धरला. ते थरथरणं मला अजून मधेच जाणवतं. खिशात फोन नसतानाही जाणवतं.

तेवढ्यात पाद्रीनचा कुत्रा आला. गडग्याला वळसा घालून सरळ माझ्या पायाशी. भुंकला नाही. वास घेतला, शेपटी हलवली आणि माझ्या चपलेवर हनुवटी टेकून बसला. मी मान वर केली तर पाद्रीन कुत्रा गेला त्या बाजूला बघत होते. मग ते लोकांकडे वळून काहीतरी बोलले. काय बोलले ते ऐकायला मी थांबलो नाही. बागेच्या मागच्या वाटेने निघालो. कुत्रा वाटेच्या तोंडापर्यंत आला आणि परतला.

फाट्यावरून मी बायला फोन केला. "बस चुकली गो. आयताराचो पण सायबान अडकवलान."

"बरां," ती म्हणाली. "फुडच्या आयतारी ये. पप्पा रागावले नाय हां."

पुढचा रविवार यायच्या आत पाद्रीन गेले. मी शवपेटीला खांदा दिला. मला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर सुटलो असतो. उलट सगळे मलाच धीर देत होते, आणि बायने मला आधी जेवायला वाढलं.

नंतर दर मे महिन्यात मला काही ना काही काम निघत राहिलं. ऑडिट, निवडणुकीची ड्यूटी, कंबरदुखी. गेल्या वर्षी एका चाकरमान्याने वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लादीनचा व्हिडिओ टाकला. कचेरीत डबा खाता खाता मी तो लावला. खुरीस दिसला, वळेसर दिसला, माणसं उभी. आवाज नाही. मग एकदम सगळ्यांचा आवाज आला: 'आमच्याखातीर विनंती कर.' पुन्हा आवाज गेला. पुन्हा आला: 'आमच्याखातीर विनंती कर.' मी फोन झटकला. नेटवर्कच्या नावाने बोटं मोडली. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला म्हटलं, "बघा हो, व्हिडिओ अडकतोय." त्याने कानाला लावून बघितला आणि म्हणाला, "नाही साहेब, अडकत नाहीये. मधे समुद्राची गाज ऐकू येतेय की."

गाज येत होती. मधेच कावळा ओरडत होता. माणसांच्या ओठांकडे बघितल्यावर मला कळलं. पुढची ओळ कुणीच गात नव्हतं. ती ओळ म्हणायला जेवढा वेळ लागतो, म्हणजे मला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ सगळे गप्प उभे राहत होते. आणि मग न गायलेल्या नावाला उत्तर देत होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत, अख्खी लादीन.

मी डबा तसाच झाकला.

तेव्हापासून त्या गप्प जागा माझ्यामागे लागल्या. कचेरीत आढावा बैठक असते. साहेब एकेक प्रलंबित विषय वाचतात, वाचून थांबतात, आणि त्या थांबण्यात माझे ओठ हलतात. एकदा बहुधा आवाजही निघाला. साहेबांनी चष्म्यावरून बघून विचारलं, "काही म्हणालात का?" मी म्हटलं, "नाही सर, माहिती सादर करतो." नळ बंद केला की, पंखा थांबला की, बस स्टँडवर इंजिन बंद झालं की मी वाट बघत राहतो. आता वाडीची माणसं म्हणतील. आणि ते म्हणतात.

या वर्षी मी गेलो.

बाय खुरसापुढे झाडत होती. केस पिकलेत तिचे. मला बघून तिने केरसुणी खाली ठेवली नाही. "आज बस गावली मरे तुका?"

मी हसल्यासारखं केलं. काकी खुर्चीत होती, आता तिला फारसं दिसत नाही. तिने माझा हात चाचपून ओळखला आणि सोडलाच नाही. मला कुणी पुढे उभं राहा म्हटलं नाही, पण पुढची जागा मोकळीच होती. सगळे तिच्या मागे अर्धगोल करून उभे राहिले, जसे माझ्या काळी राहायचे. मी काकीशेजारी मागेच राहिलो.

मेणबत्ती लागली. पहिली गप्प जागा आली. मी तोंड उघडलं. शब्द सगळे पाठ होते, जिभेवर होते, पण तोंडातून काही बाहेर पडेना. मला वाटलं नेहमीचा वेळ झाला की ते म्हणतील. त्यांनी म्हटलं नाही. ते थांबले. नेहमीपेक्षा जास्त थांबले. एकानेही मान वळवली नाही आणि तरी सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे बघत होत्या. मग काकीने माझा हात दाबला आणि सगळे हळूच म्हणाले, 'आमच्याखातीर विनंती कर.' त्यांच्याबरोबर मीही म्हणालो.

मागची ओळ मी कित्येक वर्षांत म्हटली नव्हती. पुढे उभं राहून गाताना ती आपल्या पाठीवर येऊन आदळते. तिच्या आत उभं राहिल्यावर ती कशी लागते, हे विसरलो होतो. देव ऐकतो का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं की त्याने ऐकावं. या माणसांचं तरी ऐकावं.

चणे खाऊन झाल्यावर बाय मला फाट्यापर्यंत सोडायला निघाली. गडग्यापाशी तिची चाल मंदावली. कुत्रा आता नाही, तोही गेला. तिने गडग्याच्या चिऱ्यावर हात ठेवला.

"पप्पांनी त्या दिवशी काय सांगलानी, तुका म्हायत नाय ना?"

"नाय."

"आमी म्हटलां, तो येणा नाय, आता दुसऱ्या कोणी तरी म्हणूया. पप्पा म्हणाले, नको. तेचो वाटो ठेवा. तो लांब नाय." ती माझ्याकडे बघत नव्हती, चिऱ्याकडे बघत होती. "फादर मगे कितके वेळा म्हणाले, बाय, तू गा. माका येता. पण पप्पांनी ठेवूक सांगलेलो वाटो मी कसो उचलू?"

सांगायला याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. तिने दार उघडून धरलं होतं, मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं.

"त्या दिवशी बस चुकली गो माझी," मी म्हटलं.

ती थोडा वेळ गप्प राहिली. पुढच्या ओळीला लागतो तेवढाच वेळ.

"व्हय मरे," ती म्हणाली. "म्हायत आसा माका." मग पदराखालून स्टीलचा डबा काढून तिने माझ्या हातात दिला. "चणे आसत. तुझो वाटो. डबो परत हाड."

डबा माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर आहे. घासून, पालथा घालून ठेवलाय. पाद्रीनना ठाऊक होतं आणि त्यांनी माझी जागा राखली. एवढ्या वर्षांत तिच्यात कुणी पाऊल टाकलं नाही. वाडीची प्रार्थना माझ्यावरच्या प्रेमापायी अर्धी मुकी झाली, आणि जिचा गळा सगळ्यांत गोड ती मागे उभी राहून गप्प जागा मोजत बसली. त्यांना यात काही चूक केली असं वाटत नाही. आजारी माणसाचा वाटा ठेवतात, एवढंच त्यांना माहीत.

मी बायचं देणं लागतो. त्या संध्याकाळी मी गडग्याआड उभा होतो, हे मी तिला तोंडाने सांगितलेलं नाही. आणि तिचं मनगट धरून, पहिली ओळ तिच्याबरोबर म्हणून, दुसऱ्या ओळीच्या मध्यावर मी अजून हात सोडलेला नाही.